इंग्लंडमधली प्लॅनिंग कमिटी अर्जावर निर्णय कसा घेते: अर्जदार आणि शेजारी, दोघांसाठी

पुण्यात किंवा ठाण्यात बांधकाम परवानगी काढलेल्या माणसाला इंग्लंडमधली पद्धत सुरुवातीला चक्रावून टाकते. पुण्या-ठाण्याकडे एफएसआय, सामासिक अंतरे, उंची, पार्किंग यांचे आकडे नियमावलीत छापलेले असतात. नकाशा त्यात बसला की परवानगी आयुक्त किंवा मुख्याधिकाऱ्यांच्या अधिकारात निघते, त्या फाइलवर नगरसेवक मतदान करत नाहीत. इंग्लंडमध्ये आकड्यांचे असे पुस्तक नाही. धोरणे आहेत, आणि तुमच्या जागेपुरता त्यांचा अर्थ लावण्याचे काम माणसांवर सोपवले आहे. काही अर्जांच्या बाबतीत ही माणसे म्हणजे स्थानिक कौन्सिलच्या (तिथल्या पालिकेच्या) प्लॅनिंग कमिटीवरचे निवडून आलेले कौन्सिलर, आणि ते भर सभेत हात वर करून निर्णय देतात.

मात्र हात वर होण्याआधीच बरेचसे ठरलेले असते. कोणी कोणाला गाठले म्हणून नव्हे, तर कौन्सिलच्या नोकरीतल्या प्लॅनिंग ऑफिसरचा अहवाल सभेच्या आधी प्रसिद्ध होतो आणि कमिटी त्या अहवालाच्या चौकटीतच बोलते म्हणून. अर्जदार असा किंवा शेजारी, तुमचा मुद्दा त्या अहवालात शिरला का, हा खरा प्रश्न. (पुढचे सगळे इंग्लंडपुरते. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे कायदे आणि मुदती वेगळ्या आहेत.)

परवानगी लागते का, ते आधी

पुष्कळ कामे ‘परमिटेड डेव्हलपमेंट’मध्ये बसतात, म्हणजे कौन्सिलकडे पूर्ण अर्ज लागतच नाही. मागच्या बाजूचे एकमजली एक्स्टेंशन टेरेस (ओळीत जोडलेल्या) किंवा सेमी-डिटॅच्ड (एका बाजूने जोडलेल्या) घराला ३ मीटर आणि डिटॅच्ड म्हणजे सुट्या घराला ४ मीटरपर्यंत चालते. उंची ४ मीटरच्या आत हवी, आणि बांधकाम हद्दीपासून २ मीटरच्या आत असेल तर छताची कड ३ मीटरपेक्षा वर जाता कामा नये. त्याहून लांब, म्हणजे अनुक्रमे ६ आणि ८ मीटरपर्यंत जायचे असेल तर ‘प्रायर अ‍ॅप्रूव्हल’ची ४२ दिवसांची छोटी प्रक्रिया आहे. फ्लॅटना ही सवलत नाही. कॉन्झर्व्हेशन एरियात (वारसा जपण्यासाठी ठरवलेल्या भागात) ती कमी होते आणि ‘आर्टिकल ४’ हा आदेश लागू असलेल्या भागात काही बाबतींत काढूनच घेतलेली असते. परवानगी लागत नाही असे वाटले तरी ‘लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट’, म्हणजे काम कायदेशीर असल्याचा दाखला, काढून ठेवावे. घर विकताना खरेदीदाराचा सॉलिसिटर ते मागतोच.

अर्ज दाखल करणे आणि तो ‘व्हॅलिड’ होणे

अर्ज बहुतेक जण प्लॅनिंग पोर्टलवरून भरतात. घराच्या एक्स्टेंशनची फी एप्रिल २०२५ मध्ये २५८ पौंडांवरून ५२८ वर गेली. आता ती महागाईप्रमाणे दर एप्रिलमध्ये बदलते, म्हणून भरण्याच्या दिवशीचा आकडा पाहावा. पोर्टलचे सेवाशुल्क त्याशिवाय. पूर्वी नाकारलेला अर्ज सुधारून वर्षाच्या आत पुन्हा टाकला तर फी माफ असे, ती सवलत डिसेंबर २०२३ पासून बंद झाली. त्यामुळे ‘आधी टाकून तर बघू’ हा विचार आता महागात पडतो.

सोबत काय लागते: १:१२५० किंवा १:२५०० प्रमाणाचा स्थाननकाशा, त्यावर उत्तर दिशा, अर्जाच्या जागेभोवती लाल रेघ आणि तुमच्याच मालकीची लगतची दुसरी जागा असेल तर तिच्याभोवती निळी. १:२०० किंवा १:५०० चा ब्लॉक प्लॅन. आत्ताची आणि प्रस्तावित बाजूदृश्ये, मजल्यांचे नकाशे, १:५० किंवा १:१०० मध्ये. आणि मालकीचे सर्टिफिकेट.

अर्ज अडकतात ते बहुधा या सर्टिफिकेटवर. जागा पूर्ण तुमची असेल तर ‘ए’. पण पाया किंवा पन्हळ शेजाऱ्याच्या हद्दीत बोटभर जरी जात असेल, किंवा तुमचा फ्लॅट लीजहोल्ड (दीर्घ भाडेपट्ट्याचा) असून बाहेरची भिंत फ्रीहोल्डरची, म्हणजे मूळ मालकाची, असेल, तर ‘बी’ भरावे लागते आणि त्या मालकाला नोटीस द्यावी लागते. चुकीचे सर्टिफिकेट पुढे उघडकीला आले तर मिळालेली परवानगीही कोर्टात आव्हानाला उघडी पडते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे लाल रेघ रस्त्यापर्यंत न नेणे.

कागद पुरे झाले की अर्ज ‘व्हॅलिड’ ठरतो आणि तेव्हापासून घड्याळ सुरू होते: लहान अर्जांना ८ आठवडे, मोठ्यांना १३, पर्यावरणीय परिणामांचा अहवाल लागणाऱ्यांना १६. कमिटीकडे जाणारा अर्ज ८ आठवड्यांत क्वचितच संपतो. ऑफिसर लेखी मुदतवाढ मागतो. ती बहुधा द्यावी, कारण नाही म्हटलात तर हाताशी असलेल्या माहितीवर नकार देणे त्याला सोपे जाते. मुदतवाढीच्या बदल्यात काय सुधारले तर शिफारस बाजूने होईल, हे मात्र त्याच वेळी लेखी विचारून घ्यावे.

२१ दिवसांची मुदत आणि हरकत

कौन्सिल शेजाऱ्यांना पत्र पाठवते किंवा खांबावर नोटीस लावते, आणि मत नोंदवायला किमान २१ दिवस देते. मुदतीनंतर आलेले पत्रही निर्णयाआधी मिळाले तर साधारणपणे वाचले जाते, पण त्यावर विसंबू नये. पत्र नावासह सार्वजनिक होते, अर्जदार ते वाचणार हे धरूनच लिहावे.

सगळ्यांत जास्त श्रम वाया जातात ते इथे. सोसायटीत सह्यांची मोहीम काढायची सवय असलेले लोक एकाच मजकुराची साठ पत्रे पाठवतात. साठ पत्रांत मुद्दा एकच असेल तर अहवालात तो एकदाच तोलला जातो. काही कौन्सिलांमध्ये ठरावीक संख्येने हरकती आल्या की अर्ज आपोआप कमिटीकडे जातो, तेवढ्यापुरता संख्येचा उपयोग खरा. पण सह्यांचे निवेदन अनेक ठिकाणी एकच हरकत म्हणून मोजतात, हे आधी तपासावे.

कायद्याचा गाभा २००४ च्या प्लॅनिंग अँड कम्पल्सरी पर्चेस अ‍ॅक्टच्या कलम ३८(६) मध्ये आहे. निर्णय स्थानिक विकास आराखड्यानुसार द्यायचा, ‘मटेरियल कन्सिडरेशन’ म्हणजे नियोजनाशी संबंधित दुसरी वजनदार बाब वेगळे सांगत असेल तरच आराखडा सोडायचा. म्हणून हरकतीत दोन गोष्टी हव्यात: आराखड्यातल्या धोरणाचा क्रमांक, आणि त्या धोरणाला तुमच्या जागी नेमका धक्का कुठे बसतो ते.

चालणारी कारणे: उजेड अडणे, घरात किंवा बागेत डोकावले जाणे, खिडकीसमोर अंगावर येणारी भिंत, रस्त्याची सुरक्षितता, पार्किंग, आवाज, रस्त्याच्या रूपाशी विसंगत आकार, झाडे, पुराचा धोका, वारसा-इमारतीची हानी. न चालणारी कारणे: घराची किंमत पडेल, टेकडीचे दृश्य जाईल, बांधकामाच्या काळात त्रास होईल, कुंपणाचा वाद आहे, डीडमध्ये अट आहे, अर्जदार आधी बांधून मग परवानगी मागतो, त्याला हे भाड्याने देऊन पैसे कमवायचे आहेत. यांतली काही गाऱ्हाणी खरी असतात, पण त्यांचा निवाडा दुसरीकडे होतो. सामाईक भिंतीसाठी १९९६ चा पार्टी वॉल अ‍ॅक्ट आहे. वीस वर्षे उपभोगलेल्या उजेडाचा हक्क हा दिवाणी दावा आहे, प्लॅनिंगचा विषय नाही.

उजेडाचा मुद्दा मोजून मांडावा. बहुतेक कौन्सिलांच्या मार्गदर्शिकेत ४५ अंशांची कसोटी असते: शेजारच्या राहत्या खोलीच्या सर्वांत जवळच्या खिडकीच्या मध्यापासून ४५ अंशांत रेघ काढायची, नकाशात आणि बाजूदृश्यात. दोन्हींत एक्स्टेंशन त्या रेघेपलीकडे गेले तर उजेडाला बाधा मानली जाते. रेघ कुठून काढायची याचे तपशील कौन्सिलगणिक बदलतात, म्हणून त्या कौन्सिलचीच पुस्तिका उघडावी. समोरासमोरच्या मागील खिडक्यांमध्ये २१ मीटर अंतर हा पुष्कळ ठिकाणी वापरला जाणारा आकडा आहे. ‘आमच्या खोलीत अंधार होईल’ यापेक्षा ‘तळमजल्यावरची ही खिडकी मुलांच्या खोलीची आहे, नकाशात ती बाथरूमची दाखवली आहे, आणि ४५ अंशांची रेघ १.२ मीटरने ओलांडली जाते’ हे वाक्य ऑफिसरला उत्तर द्यायला भाग पाडते.

कमिटीकडे कोणते अर्ज जातात

फार थोडे. दहांतले नऊहून अधिक अर्ज ऑफिसरच निकाली काढतात. कौन्सिलच्या घटनेत ‘स्कीम ऑफ डेलिगेशन’ असते, तिच्यात कमिटीकडे काय जाते ते लिहिलेले असते: मोठे गृहप्रकल्प, कौन्सिलचे स्वतःचे अर्ज, कौन्सिलर किंवा कर्मचाऱ्याचा अर्ज, ठरावीक संख्येच्या वर हरकती आलेले अर्ज, आणि वॉर्डाच्या कौन्सिलरने ‘कॉल-इन’ केलेले, म्हणजे कमिटीपुढे आणण्याची मागणी केलेले. कॉल-इनला मुदत असते, बऱ्याचदा २१ ते २८ दिवसांची, आणि त्याला नियोजनातले कारण द्यावे लागते. म्हणून कौन्सिलरला ईमेल करायचा तो नोटीस मिळाल्याच्या पहिल्याच आठवड्यात. २०२५ च्या प्लॅनिंग अँड इन्फ्रास्ट्रक्चर अ‍ॅक्टने कमिटीकडे कोणते अर्ज जावेत आणि कमिटी किती सदस्यांची असावी हे देशभरासाठी ठरवण्याचा अधिकार सरकारला दिला आहे, तेव्हा जुन्या ऐकीव माहितीवर न जाता चालू स्कीम वाचावी.

अर्जदाराने कमिटीची हौस धरू नये. ऑफिसर बाजूने असेल तर कमिटी म्हणजे वाढीव धोका आणि महिना-दीड महिन्याचा उशीर. ऑफिसर विरुद्ध असेल तर मात्र कॉल-इन हीच पहिली संधी असते.

ऑफिसरचा अहवाल

सभेची विषयपत्रिका आणि अहवाल किमान पाच पूर्ण कामाचे दिवस आधी प्रसिद्ध करणे कायद्याने बंधनकारक आहे. सभा बुधवारी असेल तर साधारण आधीच्या आठवड्यातल्या मंगळवारी. अहवालाची रचना ठरलेली: जागा, प्रस्ताव, पूर्वीचे अर्ज, आलेली मते, लागू धोरणे, मूल्यमापन, शिफारस, अटी. पहिले शेवट वाचा, मग मूल्यमापन. तुमच्या मुद्द्याला ऑफिसरने किती वजन दिले आहे ते शब्दांत दिसते: ‘लिमिटेड वेट’, ‘मॉडरेट’, ‘सिग्निफिकंट’, ‘सब्स्टॅन्शियल’. कॉन्झर्व्हेशन एरिया किंवा लिस्टेड (वारसा म्हणून यादीत नोंदलेली) इमारत असेल तर १९९० च्या स्वतंत्र कायद्यातली कलमे ७२ आणि ६६ उल्लेखलेली आहेत का ते पाहा, ती गाळली तर निर्णय कोर्टात टिकणे कठीण. घरांच्या प्रकल्पात कौन्सिलकडे पाच वर्षांचा गृहसाठा (तेवढ्या काळात लागणाऱ्या घरांसाठी पुरेशा जागा) नसेल तर पारडे आधीच परवानगीकडे झुकलेले असते. अशा वेळी ‘आमच्या भागात घरे पुरे’ हे म्हणणे निष्प्रभ आहे.

अहवालात तथ्याची चूक दिसली, म्हणजे अंतर, खिडकी, मजल्यांची संख्या, शाळेचा रस्ता, तर सभेपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी केस ऑफिसरला परिच्छेद क्रमांक आणि फोटोसह लिहा. सभेच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी ‘अपडेट शीट’ निघते. तुमची दुरुस्ती त्यात आली की ती कमिटीसमोर अधिकृत झाली. सभेत कागद वाटू देत नाहीत.

कौन्सिलरशी बोलताना

इथे आपल्याकडची सवय अंगाशी येते. कमिटीवरच्या कौन्सिलरला भेटता येते, जागा पाहायला बोलावता येते, तो ऐकून घेतो. पण ‘तुम्ही आमच्या बाजूने मत द्याल ना?’ याचे उत्तर त्याच्या तोंडून काढण्याचा हट्ट म्हणजे आपले मत आपणच गमावणे. आधीच मन पक्के केलेल्या सदस्याने मतदान करता कामा नये. एखाद्या बाजूला कल असणे २०११ च्या लोकॅलिझम अ‍ॅक्टच्या कलम २५ नुसार चालते, दार बंद करून बसणे चालत नाही. त्याच कायद्याने सदस्याचे किंवा त्याच्या जोडीदाराचे आर्थिक हितसंबंध असतील तर ते जाहीर करून त्या विषयापासून दूर राहणे बंधनकारक केले आहे. ते लपवणे गुन्हा आहे. मिठाईचा डबासुद्धा नेऊ नये. दिवाळी असली तरी.

तुमच्या वॉर्डाचा कौन्सिलर कमिटीवर असेल तर तो तुमची बाजू मांडून बाजूला होईल की गप्प राहून मत देईल, हे आधी विचारा. दोन्ही एकत्र सहसा होत नाही. कमिटीबाहेरचा वॉर्ड कौन्सिलर बोलायला मिळाला तर उत्तमच, त्याला अनेकदा वेगळी वेळ मिळते.

सभेची संध्याकाळ

बोलायचे असेल तर नाव आधी नोंदवावे लागते. मुदत कुठे आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत, कुठे दोन-तीन कामाचे दिवस आधी. वेळ बहुधा तीन मिनिटे. पुष्कळ कौन्सिलांत विरोधकांची मिळून तीन मिनिटे, म्हणजे चार शेजाऱ्यांनी आधी बसून एक वक्ता ठरवायचा. सभा कोणालाही पाहता येते, २०१४ पासून चित्रीकरणही करता येते.

क्रम असा: हितसंबंधांची नोंद, मग विषय. ऑफिसर नकाशे आणि फोटो दाखवून मांडणी करतो. विरोधक बोलतो, मग अर्जदार किंवा त्याचा एजंट, मग वॉर्ड कौन्सिलर. सदस्य प्रश्न विचारतात. त्यानंतर चर्चा, आणि तुम्ही एकदा बोलून बसलात की तीत पुन्हा तोंड घालता येत नाही, समोर धडधडीत चूक बोलली जात असली तरी. शेवटी कोणी ठराव मांडतो, दुसरा अनुमोदन देतो, हात वर होतात. मते समान पडली तर अध्यक्षाचे निर्णायक मत.

तीन मिनिटांत इंग्रजीत सावकाश बोलून ३५० ते ४०० शब्द होतात. घरी घड्याळ लावून वाचून पाहा, तिसऱ्या मिनिटाला माइक बंद होतो. पहिल्या दोन वाक्यांत कोणते घर आणि काय हवे ते सांगा. मग फार तर तीन मुद्दे, प्रत्येकाला अहवालाचा परिच्छेद आणि धोरणाचा क्रमांक. शेवटी कमिटीने काय करावे ते स्पष्ट सांगा: नाकारा, जागा पाहण्यासाठी पुढे ढकला, किंवा अमुक अट घाला. हा शेवटचा पर्याय लोक विसरतात. शिफारस मंजुरीची आणि सदस्यांचा कलही तिकडेच दिसत असेल तर बाजूच्या खिडकीला कायम अपारदर्शक काच आणि मजल्यापासून १.७ मीटरपर्यंत न उघडणारी चौकट, ही अट पदरात पाडून घेणे हा हरलेल्या हरकतीपेक्षा चांगला सौदा आहे. अट मात्र आवश्यक, नियोजनाशी आणि त्या बांधकामाशी संबंधित, अंमलात आणता येण्याजोगी, नेमकी आणि वाजवी असायला हवी. ‘शेजाऱ्यांशी नीट वागावे’ ही अट होत नाही.

मंडळे आणि मंदिरांच्या विश्वस्तांसाठी थोडे वेगळे. जुने चर्च घेऊन तिथे मंदिर केले तर दोन्ही एफ१ या एकाच वापरगटात येतात आणि वापरबदलाचा प्रश्न सहसा येत नाही. शिखर, नवे दार किंवा लिस्टेड इमारतीतला बदल यांना मात्र परवानगी लागते. गोदाम घेतले तर वापरबदल आलाच, आणि नकाराची नेहमीची कारणे तीन: रोजगाराची जागा जाते, पार्किंग पुरत नाही, रात्री आवाज होतो. अर्जात ‘रोज वीस-पंचवीस माणसे’ एवढेच लिहून गणपतीचे दहा दिवस गाळणे ही मोठी चूक. शेजाऱ्यांना ते दिवस माहीत असतात, सभेत तेच सांगतात, आणि अर्जातल्या बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. सणाच्या दिवसांची गर्दी स्वतःच लिहा, त्या दिवसांपुरता पार्किंगचा लेखी करार जोडा, ढोल आणि स्पीकर यांच्या वेळा आणि दारे-खिडक्या बंद ठेवण्याची आवाज-नियंत्रण योजना द्या. मग कमिटीला नकार न देता अट घालायला काहीतरी हाताशी मिळते.

कमिटी शिफारशीविरुद्ध गेली तर

तो तिचा हक्क आहे, पण नियोजनातली कारणे त्याच सभेत, मतदानाआधी, शब्दांत मांडावी लागतात. ‘मला हे पटत नाही’ इतिवृत्तात टिकत नाही. म्हणून ऑफिसरची शिफारस मंजुरीची असताना नकार हवा असेल तर हरकतीच्या पत्रातच नकाराचे कारण तयार वाक्यात लिहून द्या: कोणते बांधकाम, कोणता परिणाम, कोणत्या घरावर, कोणत्या धोरणाविरुद्ध. तुमच्या बाजूच्या सदस्याला ऐन वेळी तेच हवे असते. कारणे डळमळीत दिसली तर अनुभवी अध्यक्ष विषय पुढच्या सभेवर ढकलतो. उलट, कमिटीने ऑफिसरचा विरोध डावलून वादग्रस्त परवानगी दिली तर तिलाही कारणे द्यावी लागू शकतात. डोव्हर कौन्सिलच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये हेच सांगितले.

कौन्सिलर जपून वागतात याचे कारण अपील. अपिलात मोघम कारण टिकले नाही आणि कौन्सिलचे वागणे अवाजवी ठरले, तर अर्जदाराचा अपिलाचा खर्च कौन्सिलच्या माथी पडतो. तज्ज्ञ रस्तेविभागाने हरकत घेतलेली नसताना ‘वाहतूक वाढेल’ एवढ्यावर नकार देणे हा त्यातला ठरलेला सापळा.

निकाल हातात आल्यावर

कौन्सिलने नाकारले तर अर्जदार प्लॅनिंग इन्स्पेक्टरेटकडे (अपिले ऐकणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे) अपील करू शकतो, त्याला फी नाही. घराच्या अर्जाला मुदत १२ आठवडे, इतर बहुतेकांना ६ महिने, विनापरवानगी बांधकामाबद्दल अंमलबजावणीची (एन्फोर्समेंट) नोटीस निघालेली असेल तर त्याहून खूपच कमी. घरगुती अपिलात नवी कागदपत्रे जोडायला जवळजवळ वाव नसतो, म्हणून जे सांगायचे ते मूळ अर्जातच आलेले असावे. नकाराचे कारण एकच आणि सुटण्याजोगे असेल, उदाहरणार्थ वरचा मजला मागे अर्धा मीटर जास्त गेलेला, तर अपिलाच्या महिन्यांपेक्षा सुधारित नवा अर्ज सहसा लवकर पार पडतो, फी पुन्हा भरूनसुद्धा.

मंजुरी मिळाली तर काम साधारणपणे तीन वर्षांत सुरू करावे लागते. मोठ्या प्रकल्पात सभेतला ‘होकार’ म्हणजे परवानगी नव्हे. सेक्शन १०६ चा करार (प्रकल्पाच्या बदल्यात विकासकाने द्यायच्या सुविधा किंवा पैशांचा) सही होईपर्यंत निर्णयपत्र निघत नाही, आणि त्यात महिने जातात. निर्णयपत्रातल्या अटींपैकी ज्या ‘काम सुरू होण्यापूर्वी’ पुऱ्या करायच्या आहेत त्या आधी वेगळ्या काढा. त्यांच्यासाठी स्वतंत्र अर्ज आणि फी लागते, आणि त्या पुऱ्या न करता पाया खणला तर पूर्ण परवानगीच धोक्यात येऊ शकते. बिल्डिंग रेग्युलेशन्सची (बांधकामाच्या सुरक्षिततेच्या आणि दर्जाच्या नियमांची) मंजुरी ही पुन्हा वेगळी बाब, प्लॅनिंग मिळाले म्हणून ती मिळत नाही.

हरलेल्या शेजाऱ्याला अपीलच नाही. कायदेशीर चूक झाली असेल तर हायकोर्टात ज्युडिशियल रिव्ह्यू मागता येतो, निर्णयपत्राच्या तारखेपासून सहा आठवड्यांत. तिथे ‘निर्णय चुकीचा आहे’ हे ऐकत नाहीत, ‘निर्णय घेण्याची रीत बेकायदा होती’ हे ऐकतात, आणि खर्च हजारो पौंडांत जातो. त्यापेक्षा मंजूर नकाशांची प्रत उतरवून ठेवणे जास्त कामाचे. बांधकाम त्यापेक्षा उंच किंवा लांब जाताना दिसले, काचेची अट पाळली गेली नाही, तर मापे आणि फोटोंसह कौन्सिलच्या एन्फोर्समेंट विभागाला लिहावे, आणि ते भिंत छतापर्यंत पोचण्याआधी.